निम्मे शब्द

दिंडोली, सुरत
८ जून २०२४

सुकदेव,

आशीर्वाद घे आणि पुढे वाच. ख्यालीखुशाली जागा उरली तर शेवटी. फोन करत नाही, कारण फोनवर तू पुटपुटतोस. तूच नाही, हल्ली सगळेच तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात. माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, लागेल तसं वाच.

काम असं आहे. तू अमळनेरला तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोस, लग्नाचे कर्णे लावतोस. सगळ्या नात्यात आवाजातलं कळणारा मावसभाऊ तू एकच. मला कानावर लावायचा चांगला हेडफोन सांग. साधा नको. ज्यातून गाणाऱ्याच्या तोंडातलं अक्षर न् अक्षर बाहेर येईल असा.

कशाला पाहिजे तेही ऐक. मार्चमध्ये आमच्या पुतणीची, स्वातीची हळद होती. माझी पोरगी मयुरी ऑर्केस्ट्रावाल्यांबरोबर गाते, तुला ठाऊक आहे. लग्नानंतर जावई राहुलरावांनी गाऊ दिलं, चांगलं केलं. त्या दिवशी ती आमच्याच गल्लीत, आमच्याच माणसांसमोर माइक घेऊन उभी राहिली. मी पहिल्या रांगेत. आणि कानावर काय आलं? निम्मे शब्द गिळलेले. नुसतं हूं हूं आणि आं आं. घरात माझ्यासमोर बसून भाजी निवडताना गायची तेव्हा एकेक अक्षर मोकळं यायचं, आणि मांडवात हा गोंधळ! दोन गाणी सोसली. तिसऱ्याला उठले आणि म्हणाले, "मयुरी, बंद कर गं. निम्मे शब्द खातेस. लोकांचा वेळ खाऊ नको." सगळा मांडव वळून बघायला लागला. माझ्या आवाजाला कर्णा लागत नाही.

तिने माइक खाली ठेवला. जेवली नाही, पर्वत पाटियाला आपल्या घरी निघून गेली. तेव्हापासून आली नाही. दिंडोलीहून दोन रिक्षा बदलल्या की तिचं दार, पण तीन महिने झाले. राहुलराव म्हणतात, ती गातच नाही आता. घरात गुणगुणतसुद्धा नाही. ऑर्केस्ट्रावाल्याने दिवाळीपर्यंत तिची जागा धरून ठेवली आहे, मग दुसरी घेणार.

मी खोटं बोलले नाही. जे ऐकलं ते बोलले. तरी जिवाला चैन नाही. राहुलरावांनी माझ्या फोनात तिची सहा गाणी घालून दिलीत, उधन्याच्या स्टुडिओत भरलेली. फोनबरोबर फुकट आलेली बोंडं कानात कोंबून रोज ऐकते. तिथंही तेच. निम्मे शब्द नाहीत. आता मला एकदा नीट ऐकून नक्की करायचं आहे. मी बरोबर असले तर गप्प बसते. चुकले असले तर जाऊन सांगते.

लवकर लिही. मला थांबता येत नाही.

प्रमिला


अमळनेर
१६ जून २०२४

ती. प्रमिलाताई,

नमस्कार. तुझं पत्र पहिल्या ओळीपासून रागावलेलं होतं, म्हणजे तब्येत चांगली आहे.

आधी एक सांगतो. मांडवातल्या कर्ण्यावरून कोणाच्या गळ्याचा निकाल लावू नये. मी स्वतः कर्णे लावतो म्हणून सांगतो, ढोल पुढे आणि गाणारा मागे, असंच असतं तिथे. आणि फुकटची बोंडं तर पोराटोरांच्या खेळण्यातली.

हेडफोन असा घे. पूर्ण कान झाकणारा, वाटीसारखा. तारेचा. बिनतारेचा चांगला असतो, पण त्याच पैशात तारेचा जास्त देतो. त्यात दोन जाती आहेत. एकाच्या पाठीला जाळी असते, त्याचा आवाज मोकळा येतो, पण बाहेरचा गलका आत येतो. दुसऱ्याची पाठ बंद. तुझ्या खिडकीखाली दिवसभर रिक्षा आणि पलीकडे लूम, तेव्हा पाठबंदच घे.

दुकानदार लावून देईल ते गाणं ऐकू नको. तो त्या यंत्राला शोभेल तेच वाजवतो. मयुरीचं एकच गाणं धर आणि तेच सगळ्यांवर ऐक. आवाजही सारखा ठेव, कारण जे जोरात वाजतं ते माणसाला उगाच चांगलं वाटतं. घाई करू नको. (हे वाक्य मी माझ्या समाधानासाठी लिहिलं.)

राहुलरावांना ती सहा गाणी मलाही पाठवायला सांग. वाल्मिकदाजींना नमस्कार. गुडघा कसा आहे त्यांचा?

सुकदेव


दिंडोली
२५ जून २०२४

सुकदेव,

गुडघा जागेवर आहे. तुझे दाजी पण.

गेले दुकानात. राहुलरावांना घेऊन गेले, ते बिचारे पार्किंगमध्ये जास्त आणि दुकानात कमी. दुकानदार गुजराती, गोड बोलणारा. मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "बेन, छोकरा माटे?" मी म्हटलं, "माझ्यासाठी. का, मला कान नाहीत?" मग खुर्ची दिली.

पाच काढले त्याने. तू सांगितलंस तसं मयुरीचं दुसरं गाणं सगळ्यांवर लावलं. पहिल्यात ढोल नुसता पोटात बसत होता, बाकी काही नाही. दुसरा हलका, कानावर आहे की नाही कळेना, आवाज पातळ, पाण्याच्या डाळीसारखा. तिसऱ्याची गादी इतकी गरम की कान शिजले. चौथा जाळीचा होता, तो बाजूला ठेवला. पाचवा जड, काळा, वाट्या मोठ्या, तार जाड. त्यात पेटी छान आली. तिची बोटं सरकतात ते कळत होतं. दुकानदार म्हणाला, "आ तो स्टुडिओवाळा ले छे, बेन." मी म्हटलं हाच.

माझ्या फोनला गोल भोकच नाही, म्हणून त्याने एक शेपटीसारखा तुकडा वेगळा दिला.

घरी आले, दार लावलं, ऐकलं. पेटी आहे. ढोलकी आहे. मयुरीचा आवाजही जवळ आला, जशी शेजारी बसली आहे. पण शब्द? तेच. "अंगणात" असेल तिथे "अंगणा" येतं. ओळ सुरू होते आणि टोकं झडून जातात. शेवटचे दोन शब्द तर वाफ झाल्यासारखे. मी सगळी सहा ऐकली, मग पुन्हा सहा.

आता बोल. यंत्र तू सांगितलंस तेच आणलं. म्हणजे पोरगीच शब्द खाते ना? का अजून काही लागतं? जे आहे ते सरळ लिही. मला रात्री झोप नाही आणि दिवसा धड काम होत नाही.

प्रमिला


अमळनेर
३ जुलै २०२४

ती. ताई,

पाचवा घेतलास ते बरोबर केलंस. दुकानदाराने फसवलं नाही तुला.

पण अशा जड हेडफोनला फोनचं बळ पुरत नाही. बैल मोठा आणि वैरण मूठभर, असं होतं ते. मग तो वाजतो, पण अंग मोडून. त्याला मध्ये एक छोटा अॅम्प्लिफायर लागतो. साबणाच्या डबीएवढा मिळतो. फोनची तार त्याच्यात, हेडफोनची तार त्याच्यात. नुसता मोठा आवाज करणारा घेऊ नको. गाणं थांबवून आवाज पूर्ण वाढव आणि ऐक. सूं सूं आली तर तो नको.

गाणी पोचली. मी माझ्या जुन्या हेडफोनवर ऐकली. पोरीचा गळा मोकळा आहे. जास्त आत्ता लिहीत नाही.

अॅम्प्लिफायर आणलास की एक कर. दुसऱ्या गाण्यात पहिल्या ओळीपासून मागे झांज वाजते. ती नीट ऐक आणि मला लिही, कशी वाटते, पितळेसारखी खणखणीत की पत्र्यासारखी? त्यावरून मला यंत्र कळेल.

सुकदेव


दिंडोली
१९ जुलै २०२४

सुकदेव,

आणला. त्याच दुकानातून. दुकानदाराने आता चहा पाजला, म्हणजे मी गिऱ्हाईक झाले. तीन डब्या ठेवल्या समोर. तिन्हींवर आवाज पूर्ण वाढवून सूं सूं शोधली, कशातच आली नाही. राहुलराव म्हणाले, पहिल्यात येते. मी म्हटलं, तुमच्या कानात वारा असेल. मग तेच म्हणाले म्हणून तिसरी घेतली.

बैलाला वैरण मिळाली. ढोलकी आता छातीवर थाप मारते. पण शब्द? जसेच्या तसे. भाकर मोठी थापली म्हणून तिच्यात मीठ येतं का? नुसतं मोठं झालं. मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, शेवटी तुझे दाजी बाहेरच्या खोलीतून आले आणि हात हलवायला लागले. म्हणे, हेडफोन तुझ्या कानावर आहे आणि गाणं मला ऐकू येतं. शेजारची तारा म्हणते, तुमचा टीव्हीसुद्धा असाच असतो, मी भिंत ठोकते तरी तुम्ही लक्ष देत नाही. मी कधी ठोकलेलं ऐकलं नाही. उगाच बोलायचं काहीतरी.

आणि झांज कुठली? दुसऱ्या गाण्यात झांज नाहीच. पेटी, ढोलकी, खाली एक जाड तारेचं वाद्य, बस. राहुलरावांनी तुला भलतंच गाणं पाठवलं असेल. तुझं काम आता असं ढिलं व्हायला लागलं का?

राहुलराव काल आले होते. म्हणाले, मयुरीने पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. तुम्ही काही बोलू नका, ती आणखी बिथरेल. मी काही बोललेच नाही. पण तेव्हापासून घरात नुसती येरझाऱ्या घालते आहे. चहा ठेवते आणि विसरते.

सरळ उत्तर दे. यंत्र वाईट की पोरगी वाईट?

प्रमिला


अमळनेर
२१ ऑगस्ट २०२४

ती. ताई,

उशीर झाला, रागवू नको. तुझी दोन कार्डंही मिळाली. दोन्हींवर फक्त "लिही" असं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पोरगी वाईट नाही. दुकानातलं यंत्रही वाईट नाही. पण ते तुझ्या कामाचं नाही. म्हणून मी स्वतः एक अॅम्प्लिफायर बांधला आहे. गल्लीतला सखाराम भुसावळ-सुरत गाडीने उधन्याला येतो आहे, त्याच्याजवळ दिला. पत्र्याच्या डब्यात आहे, दिसायला ओबडधोबड. त्याला दोन बटणं आहेत. एक आवाजाचं, ते फिरव. दुसऱ्याला मी लाख लावून बंद केलं आहे, ते खरवडू नको. तुझा स्वभाव ठाऊक आहे म्हणून पुन्हा लिहितो, खरवडू नको.

हेडफोन तोच ठेव. आणि दुसरं कोणी मागितलं तर हा डबा देऊ नको. तो तुझ्याचसाठी आहे.

सुकदेव


दिंडोली
२ सप्टेंबर २०२४

सुकदेवा,

माय वं, काय केलंस रे हे!

सखारामने डबा दिला, मी उभ्या उभ्या तारा जोडल्या आणि लावलं दुसरं गाणं. आणि झांज! पहिल्या ओळीपासून झांज! छन् छन् छन्, बारीक, जसे कोणी तांदूळ पाखडतंय. मी हेडफोन काढून घरात बघितलं, वाटलं खरंच कोणी वाजवतंय. मग मयुरी आली. "अंगणात" मधला "त" आला. "सासुरवाशीण" मधले दोन्ही "स" आले. एकही शब्द गिळलेला नाही. एक नाही, सुकदेव. पोरीने श्वास घेतला तोही मला ऐकू आला. मी खाली बसून राहिले. भात गॅसवर होता, त्याचं काय झालं ते विचारू नको.

आता मला सगळं कळलं. चूक मयुरीची नव्हतीच. त्या स्टुडिओवाल्याची आहे, बन्सीलालची. त्यानेच गाणी मातीत घालून भरली आणि तुझ्या डब्याने ती धुऊन काढली. आणि ऐक, स्वातीच्या हळदीला कर्णे कोणाचे होते? त्याच बन्सीलालचे! म्हणजे मांडवातही त्यानेच माझ्या पोरीचे शब्द खाल्ले, आणि मी भरल्या मांडवात तिला बोलले.

मयुरीकडे रिकाम्या हाताने जाणार नाही. आधी त्याला तुझ्या डब्यावर ऐकवते, त्याच्या तोंडून कबूल करून घेते, मग त्यालाच ओढत पर्वत पाटियाला नेते. उद्याच जाते उधन्याला. तुझं पत्र येईपर्यंत थांबणार नाही.

प्रमिला


दिंडोली
४ सप्टेंबर २०२४

सुकदेव,

तू मला सांगितलं का नाहीस?

काल गेले बन्सीलालकडे. आपल्याच धुळ्याकडचा माणूस निघाला, केस पांढरे, शांत. मी दारातूनच सुरू केलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाखवा तुमचा डबा." तारा जोडल्या, हेडफोन कानावर घेतला, गाणं लावलं आणि असा उडाला जशी वीज बसली. हेडफोन टेबलावर फेकला. "ओ बाई, जीव घेता का? कानात सुया घातल्या! कोणी बनवलं हे? बहिऱ्या माणसासाठी बनवलंय का?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी बनवलंय."

आणि मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं.

तो उठून माझ्या मागे गेला, मला वाटलं काही शोधतोय. मग पुढे आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाई, चहा घेणार का, असं मी तीनदा विचारलं." मी म्हटलं, "तुम्ही आत्ता विचारलंत." तो म्हणाला, "आत्ता समोरून विचारलं."

घरी आले. तुझ्या दाजींना म्हटलं, माझ्या पाठीमागे उभे राहा आणि बोला. म्हणे, "काय बोलू?" मी म्हटलं, काहीही. उभे राहिले. मला नुसती घरघर आली, जसा लांब पंखा चालतो. वळून विचारलं, काय बोललात? तर हसतात. म्हणे, "तुले चेटकीण म्हनं. चार वरीस झालं मी पाठमोरं म्हनस, तू काही वळस नई. मले वाटनं बाई सुधारनी."

त्यांच्यावर हसू की त्यांना झाडू मारू तेच कळेना. पण तुझ्यावर राग आहे. तुला जुलैतच कळलं होतं. झांज विचारलीस तेव्हाच तुला कळलं होतं. मग डब्याला लाख लावून मला लहान पोरासारखं फसवलंस? मी तुला काय लिहिलं होतं? सरळ लिही. एवढंच मागितलं होतं.

प्रमिला


अमळनेर
१२ सप्टेंबर २०२४

ताई,

बोल तेवढं कमी आहे. मी भ्यालो.

झांज नाही असं तू लिहिलंस, त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. सहाही गाण्यांत झांज आहे. बारीक आवाज आणि "स", "त", "क", "श" हे सगळे एकाच उंचीवर असतात. तुझ्या कानाचा तो वरचा भाग गेला आहे, खालचा शाबूत आहे. म्हणून ढोलकी येते आणि अक्षरं जातात. डब्यात मी फक्त तो वरचा भाग खूप चढवला आणि बटण पक्कं केलं. महिनाभर कागद घेऊन बसलो तुला लिहायला. मग वाटलं, लिहिण्यापेक्षा बांधणं सोपं. तेच चुकलं.

पण हे कोणाला का कळलं नाही, त्याचा मी फार विचार केला. ताई, तू आणि दाजी पांडेसऱ्याच्या लूमवर बावीस वर्षं होतात. तू बॉबिन भरायचीस. मी एकदा आलो होतो, आठवतं? चाळीस लूम एकदम चालू, मला माझा आवाज ऐकू येईना. आणि तुम्ही सगळ्या बायका आरामात गप्पा मारत होतात, एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. ओठ हलवून आणि हाताने. तू मला म्हणालीस, "आम्ही ऐकत नाही रे, बघतो." तेव्हा मला गंमत वाटली.

तू अजून बघतेच आहेस. घरी सगळे लूमवालेच, सगळे समोर बसून, मोठ्याने, तोंड उघडून बोलतात. मग कोणाला काय कळणार? मयुरी तुझ्यासमोर बसून गायची तेव्हा तू तिचे ओठ वाचत होतीस. मांडवात तिने माइक तोंडापुढे धरला आणि ओठ झाकले गेले. हेडफोनमध्ये तर ओठच नाहीत. आणि फोनवर मी पुटपुटतो, तेही त्यातलंच.

बन्सीलालचे कर्णे ठीक होते. मयुरीही ठीक होती.

कान तपासून घे. आणि पोरीला तू स्वतः सांग. हे मी बांधून पाठवू शकत नाही.

सुकदेव


पर्वत पाटिया, सुरत
२० ऑक्टोबर २०२४

सुकदेव,

वर पत्ता बघितलास ना? मयुरीच्या घरातून लिहिते आहे, तिच्या ओट्याजवळ पाट घेऊन.

कान तपासले. तपासणाऱ्या बाईने काचेच्या खोलीत बसवलं, म्हणाली आवाज आला की बटण दाबा. मी दाबत होते, मग खूप वेळ काही आलंच नाही. मला वाटलं तिचं यंत्र बंद पडलं. कागदावर रेघ काढून दाखवली, सुरुवातीला सरळ आणि मग जिन्यावरून पडल्यासारखी. कानात घालायचं यंत्र दिलं आहे, सवय होईपर्यंत त्रास होईल म्हणाली. त्रास? प्लास्टिकची पिशवी कोणी चुरगाळली की मला वाटतं घर पेटलं. तुझे दाजी चहा पितात तो आवाज मी तीस वर्षं ऐकला असता तर हा संसार झाला नसता.

पण ते सोड. मला इथे यायला आठ दिवस लागले. मला, सुकदेव. रोज चप्पल घालायचे आणि काढायचे.

काल आले. मयुरीने दार उघडलं, पाणी दिलं, उभीच राहिली.

"कशाला आलीस?"

"चुकले ते सांगायला."

"काय चुकलं?"

"मी बहिरी आहे."

तिला वाटलं मी टोमणा मारतेय. तोंड फिरवलं तिने. मग मी कानातलं यंत्र काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कधीपासून?"

"हळदीच्या खूप आधीपासून. मला ठाऊक नव्हतं. तू माइक तोंडासमोर धरलास आणि तुझे शब्द मला दिसेनासे झाले. मी तुलाच बोलले."

मला वाटलं होतं, हे ऐकून ती गळ्यात पडेल. ती चिडली. अशी चिडली की मला माझी आई आठवली. म्हणाली, "सात महिने, आई! मी आरशासमोर उभी राहून एकेक शब्द म्हणून बघायचे. मला वाटायचं माझ्या जिभेलाच काही झालंय. राहुलला विचारायचे, तो छान म्हणायचा, मला वाटायचं खोटं बोलतोय. तू कधी खोटं बोलत नाहीस म्हणून मी तुझंच खरं धरलं."

यंत्र तिच्या हातात होतं, मी तिचे ओठ बघत होते. सगळं कळलं. मधे बोलले नाही. तिचं संपेपर्यंत गप्प बसले. तुझा विश्वास बसणार नाही, राहुलरावांचाही बसला नाही.

रात्री इथेच राहिले. आज सकाळी ती भाजी फोडणीला टाकत होती. मी पाटावर, तिची पाठ माझ्याकडे. एकदम म्हणाली, "यंत्र घातलंयस?" म्हटलं हो. वळली नाही. खिडकीकडे तोंड करून गायला लागली. तेच दुसरं गाणं. मला तिची पाठ आणि वेणी एवढंच दिसत होतं, आणि शब्द येत होते. सगळे. यंत्रात थोडे पत्र्यासारखे येतात, पण येतात.

संपलं. पाठमोरीच म्हणाली, "कसं झालं?"

 बाजूला राहुलराव दारात उभे, हात जोडून मला खुणा करत होते, छान म्हणा, नुसतं छान म्हणा. मलाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं.

म्हटलं, "शब्द सगळे आले. पण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तुला श्वास पुरत नाही. म्हणून सूर आधीच सोडून देतेस, आणि फोनातल्या गाण्यात ते पेटीवर ढकलतेस."

राहुलरावांनी कपाळाला हात लावला.

ती वळली. हातातला चमचा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "ते कोणालाच कळत नाही. मला एकटीलाच ठाऊक होतं ते."

आणि तिथेच उभी राहून तिने ती ओळ पुन्हा घेतली. नाही जमली. पुन्हा घेतली. मी तेवढ्यात पिशवीतून कागद काढला आणि तुला लिहायला बसले. हे लिहीपर्यंत तिची आठदहा वेळा झाली आहे. मघाशी एकदा पूर्ण श्वास पुरला, तर म्हणाली, "हे चुकून झालं," आणि परत सुरुवातीपासून. राहुलराव पेटीसाठी स्टूल लावून माळ्यावर चढलेत. भाजी करपते आहे, वास मला येतोय, तिलाही येत असणार. कोणी गॅसकडे जात नाही. मी पण नाही जात.

प्रमिला